रक्ताचा एकेक थेंब कुणीतरी बसून काढलेला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मुलांच्या पानावर हिंसक जपानी कार्टूनांपासून सावध राहा असा मजकूर आला होता. तो मला आईने आणून दाखवला, "हे बघ, तुझ्याबद्दल छापून आलंय" म्हणत. माझं वय ३४. ज्या सिरीजचं चित्र तुम्ही त्या मजकुराशेजारी टाकलंत ती मी तीनदा बघितलीये, आणि ते चित्र रंगभरण स्पर्धेच्या बरोब्बर वर छापलेलं बघून आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला.

मुलांना जपा म्हणालात ते बरोबरच आहे, त्यावर माझं भांडण नाही. अटॅक ऑन टायटनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये हिरोच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला राक्षस खातो, हे आठ वर्षांच्या पोराला दाखवू नये एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही. पण मुळात ते त्या पोरासाठी केलेलंच नाहीये ना! २०१३ मध्ये ही सिरीज जपानी टीव्हीवर आली तीसुद्धा मध्यरात्र उलटून गेल्यावरच्या वेळेत, आणि तिथे असल्या बऱ्याच सिरीज त्याच वेळेला लागतात, त्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, शिन्या ॲनिमे, म्हणजे मध्यरात्रीचं ॲनिमे, आणि ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. करणाऱ्यांना माहितीये कोणासाठी करतोय. चित्र हललं की ते लहान मुलांचं, हे आपलं आपणच ठरवून टाकलंय.

मला हे वेड लागलं अकिरामुळे. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, एक इअरफोन तिच्या कानात एक माझ्या, असं बघितलं होतं. कात्सुहिरो ओतोमोचा १९८८ चा सिनेमा, त्याच्या स्वतःच्याच मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिकवरून, केलेला. शेवटाकडे स्टेडियममध्ये त्यातल्या तेत्सुओ नावाच्या पोराचं शरीर त्याच्या ताब्यात राहत नाही, हात फुगत जातो, मांस, नळ्या, शिरा सगळं एकमेकांत कालवल्यासारखं होत वाढतच जातं, आणि तो ओरडत असतो की थांबवा. मला किळस आली आणि नजर हलवता आली नाही, दोन्ही एकाच वेळी. घरी गेल्यावर रात्रभर माझ्या डोक्यात एकच, हे कुणीतरी हाताने काढलंय? काढलंयच. त्या सिनेमासाठी दीड लाखाहून जास्त सेल, म्हणजे पारदर्शक कागदावरची चित्रं, रंगवलेत, आणि जपानमध्ये सहसा चित्रं आधी आणि आवाज नंतर अशी पद्धत असताना इथे संवाद आधी रेकॉर्ड करून त्यावर तोंडं हलवलीत. म्हणजे तेत्सुओच्या त्या ओरडण्यावर कुणीतरी टेबलाशी बसून एकेक चित्र काढलंय, जबडा किती उघडायचा ते ठरवत ठरवत.

आणि मला सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. खऱ्या माणसांच्या सिनेमात रक्ताची पिशवी फोडली की रक्त उडतं, कसं उडेल ते थोडं नशिबावर. ॲनिमेत नशिबाचं काही नसतं. कुणी ठरवल्याशिवाय थेंब पडतच नाही. सेकंदाला २४ फ्रेम असतात पण टीव्हीच्या ॲनिमेत एक चित्र बहुतेक वेळा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं, तेवढ्यात तलवार उचलायची, फिरवायची आणि समोरच्याला कळायच्या आत त्याचा हात खाली पडलेला दाखवायचा. मधलं कुठलं चित्र गाळायचं यावर घाव बसल्यासारखा वाटतो की नाही ते ठरतं. आम्ही फॅन लोक याला साकुगा म्हणतो, म्हणजे तसा साधा जपानी शब्द आहे ॲनिमेशनच्या चित्रांसाठीचा पण आमच्याकडे त्याचा अर्थ झालाय जिथे कलाकाराने जीव ओतलाय तो तुकडा, आणि असे तुकडे आम्ही परत परत मागे नेऊन एकेक फ्रेम थांबवून बघतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल की या बाईला मुंडकी उडालेली बघायला आवडतात. मी खरं तर मुंडकं उडायच्या आधीची तीन चित्रं बघत असते.

दुसरं म्हणजे कल्पना. चेनसॉ मॅनमध्ये सैतान असतात, प्रत्येक सैतान कशाच्या तरी भीतीतून जन्मलेला, आणि ज्या गोष्टीला माणसं जास्त घाबरतात तिचा सैतान जास्त ताकदवान. त्यामुळे टोमॅटोचासुद्धा सैतान असतो पण टोमॅटोला घाबरतं कोण, आणि बंदुकीचा सैतान म्हटला की सगळं जग थरथरतं. एका नियमात अख्खं जग उभं केलंय तात्सुकी फुजिमोतोने! आणि हिरोचं काय, तर बापाचं कर्ज फेडायला स्वतःची किडनी विकलेला पोरगा, ज्याचं मोठ्यातलं मोठं स्वप्न म्हणजे ब्रेडला जाम लावून खाणं. छातीतली दोरी ओढली की डोक्यातून करवत निघते, रक्ताचा सडा पडतो, आणि मी त्या जामपाशीच अडकलेली असते. दोरोरो घ्या. ओसामू तेझुका या मांगाकाराने १९६७ मध्ये सुरू केलेली मांगा, बापाने सत्तेसाठी जन्माला येणाऱ्या पोराचे अवयव राक्षसांना देऊन टाकलेत, मूळ गोष्टीत ४८ आणि २०१९ च्या ॲनिमेत १२, आणि तो पोरगा एकेक राक्षस मारून एकेक अवयव परत मिळवतो. ॲनिमेत त्याला कान परत मिळतात तेव्हा आवाज त्याला सहनच होत नाही, एवढे दिवस शांततेत राहिलेला जीव. दुखण्याची जाणीव परत आली की पहिल्यांदा दुखतं. मारामारीच्या सिरीजमध्ये दुखणं म्हणजे काय हे इतकं बारकाईने सांगितलेलं मी दुसरीकडे कुठे बघितलं नाहीये.

हे सगळं काल-परवा उगवलेलं पण नाही. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएनने तिथल्या भुताखेतांची चित्रं काढून पुस्तकात छापली होती, आणि १८६६-६७ च्या सत्तापालटाच्या धामधुमीत योशितोशी आणि योशिइकू या दोघांनी मिळून खुनांच्या २८ चित्रांची मालिका केली, रक्ताने बरबटलेली. त्या प्रकाराला मुझान-ए म्हणतात. आज ती चित्रं म्युझियममध्ये आहेत.

आता आमच्यातलं वाईट पण सांगते, नाहीतर म्हणाल आंधळी भक्त दिसतेय. ऐंशीच्या दशकात तिथे थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायचं ॲनिमे सुरू झालं, ओव्हीए, त्याला टीव्हीचे नियम नाहीत, त्यामुळे कल्पनांना मोकळं रान मिळालं आणि घाणीलाही. योशिआकी कावाजिरीचा १९९३ चा निंजा स्क्रोल हा सिनेमा तलवारबाजीसाठी मी आजही कुणालाही दाखवेन, पण त्यात बाईवर होणारा अत्याचार ज्या पद्धतीने दाखवलाय ते बघताना मला अजूनही राग येतो, तो सीन आला की मी पुढे ढकलते. त्या काळातल्या कितीतरी कॅसेट तर निव्वळ बाईच्या किंकाळीवर विकल्या गेल्यात. हाताने काढलंय म्हणून चांगलं असं मी म्हणतच नाहीये, उलट कुणीतरी बसून काढलंय म्हणूनच जाब विचारता येतो. आणि जीव न ओतता काढलं की लगेच दिसतं पण. जुंजी इतोच्या भीतीच्या मांगावरून केलेलं उझुमाकी २०२४ मध्ये चार एपिसोडचं आलं, काळंपांढरं, पहिला एपिसोड बघून मी श्वास घ्यायला विसरले होते, आणि दुसऱ्यापासून चित्रं अशी घसरली की भीती वाटायच्या जागी कीव यायला लागली.

माझी मागणी साधी आहे. याबद्दल लिहा, कडक लिहा, पण सिनेमाच्या पानावर लिहा आणि बघितलेल्या माणसाकडून लिहून घ्या. नुसत्या याद्या करून काय होतं? चीनच्या सरकारने २०१५ मध्ये ३८ ॲनिमेंची बंदीची यादी काढली होती, तीत अटॅक ऑन टायटन, टोक्यो घूल, पॅरासाईट सगळे एका माळेत. त्यातलं कुठलं नुसतं बीभत्स आहे आणि कुठलं विचार करायला लावतं हे यादीला कळत नाही. त्यापेक्षा वयाची पाटी बरी. डीमन स्लेयरचा मुगेन ट्रेन सिनेमा जपानमध्ये २०२० ला पीजी १२ पाटी लावून लागला, म्हणजे बारा वर्षांखालच्यांच्या पालकांनी जरा लक्ष द्या एवढंच, आणि स्पिरिटेड अवेचा १९ वर्षांचा विक्रम मोडून तिथला सगळ्यात जास्त कमाईचा सिनेमा ठरला. पाटीने कुणाचं काही अडलं नाही.

पॅरासाईटचं नाव आलंय म्हणून शेवटी आईचं सांगते. मी ती सिरीज लावलेली, आई खोलीतून जाता जाता थांबली, कारण पडद्यावर एका पोराच्या उजव्या हाताला डोळे आणि तोंड फुटून तो हात पुस्तकं वाचत बसला होता. त्याचं नाव मिगी. "हे काय गं ध्यान?" म्हणत उभ्या उभ्या दोन मिनिटं, मग खुर्चीच्या कडेला, मग नीट टेकून. त्या पोराच्या आईला परजीवी मारतो आणि तिच्याच शरीरात शिरून तिच्याच चेहऱ्याने घरी परत येतो, त्या एपिसोडला आई उठून निघून गेली. मला वाटलं झालं, आता ओरडा बसणार. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येऊन बसली आणि विचारलं, "त्या पोराचं पुढे काय झालं?" मग चोवीसच्या चोवीस एपिसोड आम्ही दोघींनी मिळून बघितले. त्यात एक तामुरा नावाची आहे, माणूस नसलेली, माणसं खाणारी, आणि तिला एक बाळ असतं. पार्कमध्ये पोलीस तिला घेरतात, बंदुका रोखलेल्या, बाळ तिच्या कडेवर. तिथे आई रडली. पुढे काय होतं ते मी इथे सविस्तर लिहिलं होतं, पण पाठवायच्या आधी पत्र तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "अगं शेवट काय सांगतेस, लोकांना बघू दे की," आणि तेवढा परिच्छेद मला खोडायला लावला.

आपली,
एक नियमित वाचक