कुंभारवाड्यातल्या मूर्तिकार काकांना, आमच्या गव्हाणीच्या वतीने

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुमचं काम अख्ख्या पेठेनं पाहिलं आहे, म्हणून आभारही सगळ्यांसमक्ष मानावेत असं आमच्या तरुण संघात ठरलं आणि लिहायचं माझ्याकडे आलं.

यंदाच्या नाताळात आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातली जुनी गव्हाणी पुन्हा फाटकाजवळ, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल अशी मांडली. बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन मागी, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, आणि सगळ्यांचा लाडका उंट. बरीच वर्षं ही मंडळी कोठीत गोणपाटात गुंडाळून पडली होती. नवा फायबरचा संच घेऊन टाकू, असंही सुचवलं गेलं होतं. स्वस्तात झालं असतं. पण आमच्याकडच्या आजी-आजोबांनी लहानपणी ज्या उंटाच्या पाठीवरून हात फिरवला, तो उंट फायबरमध्ये कुठून आणणार?

तुम्ही आलात, गोणपाट सोडलंत आणि आधी एकच विचारलंत, "यांची पूजा होते का?" त्या प्रश्नामागचा विचार मला नंतर उमगला. तुमच्याकडे मूर्ती भंगली की ती पूजेला चालत नाही, तिचं विसर्जन करतात. तुम्ही वर्षभर घडवता त्या मूर्ती मुळात पाण्यात जाण्यासाठीच असतात. आम्ही सांगितलं, की पूजा होत नाही, ख्रिस्तजन्माची गोष्ट दिसावी म्हणून त्या मांडतात. इटलीतल्या ग्रेच्यो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे उभा केला होता, हेही पाळकसाहेबांनी सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे देखावाच की! मग दुरुस्त करू."

आणि दिवस कोणते होते! गणपती झाले, नवरात्रातल्या देवी झाल्या, दिवाळीच्या पणत्या आणि किल्ल्यांवरचे मावळे झाले. जरा पाठ टेकायची ती वेळ, आणि तीच तुम्ही आम्हाला दिलीत.

उंटाचं काम मी जवळून पाहिलं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. त्याचे पाय वरून कुणी आपटल्यामुळे फुटलेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुम्ही तडा उघडून आतली लोखंडी सळई दाखवलीत. प्लास्टर ओल पितं, ओलीनं सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि प्लास्टरला आतून फोडतं. नुसता वरून लेप दिला असता, तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच झालं असतं. तुम्ही सळई काढून पितळी घातलीत, काथ्या भिजवून प्लास्टरमध्ये बसवलात आणि नवा भाग जुन्याच्या रेषेत घासून आणलात. सफाई करताना पाण्याचा हात कुठेही लागू दिला नाहीत, सगळी धूळ कोरड्या ब्रशनं काढलीत. सजावटीत टांगायच्या काचेच्या जुन्या गोळ्यांनाही तुमच्या सूनबाईंनी ओलं फडकं लावू दिलं नाही. त्या गोळ्यांचा चंदेरी मुलामा आतल्या बाजूला असतो आणि बाहेरचा रंग इतका पातळ, की पुसता पुसता निघून येतो.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते तुम्ही जे केलं नाहीत ते. मरियेच्या अंगावर ऑइलपेंटचे कितीतरी थर चढले होते. ते तुम्ही ब्लेडनं कणाकणानं सोडवलेत, तेव्हा खालून मूळचा निळा रंग आणि पदराच्या काठावरची बारीक सोनेरी वेलबुट्टी निघाली. तो काठ जिथे पुसला आहे, तिथे तो पुरा करा असा आमच्यातल्या काहींचा आग्रह होता. तुम्ही नकार दिलात. डोळ्यांच्या बाबतीत तर अगदी स्पष्ट बोललात: "आखणी ज्यानं केली त्याची. तिला मी हात लावणार नाही." गणपतीच्या डोळ्यांची आखणी म्हणजे मूर्तिकाराचं सगळं कसब पणाला लागतं. ज्याला ते येतं, त्यानंच दुसऱ्या कुणा अनामिक कारागिराच्या आखणीपुढे हात आवरला, याचं मोल आम्हाला कळलं आहे. आज मरियेचा डावा डोळा किंचित फिका आहे. तो तसाच राहील.

चांदणीच्या सांगाड्यासाठी कामट्या बुरूड आळीतून, दिव्यांचं सामान तपकीर गल्लीतून आणलं. तिथल्या मंडळींचेही आभार.

आणखी एक गोष्ट मनात आहे. पुण्यातल्या याच आपल्या भागात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. तुम्ही रोज संध्याकाळी आमच्या आवारातल्या पायरीवर बसून आमच्या आजींच्या हातचा चहा घेत होतात आणि ब्रश कसा धरायचा ते मुलांना सांगत होतात. मला ते पाहून फार बरं वाटायचं.

तुम्ही मजुरी घेतलीत ती वाजवीच होती. पण पैसे दिले म्हणून तुमचं ऋण फिटलं, असं आम्हा कुणालाच वाटत नाही.

गव्हाणी ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे मागींच्या सणापर्यंत उघडी आहे. घरच्या सगळ्यांना घेऊन या. करंज्या, चकल्या आणि केक बाजूला काढून ठेवला आहे. आणि एक विनंती: आमच्यातल्या दोन मुलांना तुमच्याकडे हे काम शिकायचं आहे. माघी गणपतीची घाई उरकली की कोणत्या वेळी पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
तरुण संघाच्या वतीने,
नाताळच्या सजावटीतली एक कार्यकर्ती