मोहिमेचे माप पोत्यांत नको

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

नाशिकमधील महाविद्यालये, गृहनिर्माण सोसायट्या आणि गिर्यारोहण मंडळे यांचे गट हल्ली शनिवार-रविवारी जव्हारमार्गे घाट उतरून डहाणू, बोर्डी, केळव्यापर्यंत समुद्रकिनारे स्वच्छ करायला जाऊ लागले आहेत आणि त्याची बातमी बहुधा ‘इतका टन कचरा गोळा’ अशाच मथळ्याने छापली जाते. आपल्या शहराला समुद्र नाही. तरीही तरुण मंडळी पदरमोड करून हे काम करतात, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु टन आणि पोती मोजण्याच्या या सवयीने किनाऱ्याचे नुकसानही होत आहे, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

भरतीरेषेच्या वर, जिथून कोरडी वाळू सुरू होते, तिथे आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. तिला पेरापेराला मुळे फुटतात, वाऱ्याने उडणारी वाळू त्यांत अडकते, हळूहळू उंचवटा तयार होतो आणि त्याच्या आडोशाने केवडा, निगडी, उंडी, करंज यांना जम बसवता येतो. उधाणाच्या लाटांचा मारा आधी हा उंचवटा झेलतो, मागची वाडी नंतर. नवख्या स्वयंसेवकाला मात्र ही वेल म्हणजे माजलेले रान वाटते. त्यातच मासेमारीच्या फाटक्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे तिच्यात असे गुरफटलेले असतात की, जाळे हिसकले की हातभर वेल मुळांसकट उपटून येते, तीही पोत्यात जाते आणि वजनात भरते. तेच जाळे कात्रीने ठिकठिकाणी कापून वेलीला धक्का न लावता सोडवायचे, तर बराच वेळ जातो आणि हाती लागतो मूठभर कचरा. टनांच्या हिशेबात हा वेळ वायाच गेला, असे दिसते. वाळूत मिसळलेल्या थर्माकोलच्या मण्यांचीही तीच गत. ते चाळणीनेच निघतात आणि त्यांना वजन जवळजवळ नसतेच. उलट ओले शेवाळ आणि वाहून आलेले लाकूड पोते लवकर भरते, म्हणून तेही उचलले जाते. वास्तविक त्यावर किनाऱ्यावरचे किडे, लहान खेकडे आणि त्यांना टिपणारे पक्षी जगतात.

वर्सोव्याचे उदाहरण सगळेच देतात, पण निम्मेच सांगतात. वकील अफरोज शाह यांनी 2015 मध्ये तिथे काम सुरू केले, त्याबद्दल पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले त्या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. मधल्या काळात दर आठवड्याला लोक तिथे येत राहिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. समुद्र पुढच्या भरतीला पुन्हा प्लास्टिक आणून टाकतो, तेव्हा एका दिवसाच्या मोहिमेची पुण्याई फार काळ पुरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 2002 पासून सुरू झालेले कासव संवर्धनही टिकले ते ग्रामस्थांनी घरट्यांची राखण आपली मानली म्हणून. म्हणून नाशिकच्या गटांनी दर वेळी नवा किनारा न गाठता एकच किनारा धरावा, ग्रामपंचायत आणि मच्छीमार मंडळी सांगतील तसे काम करावे आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च या कासवांच्या हंगामात रात्रीच्या शेकोट्या, प्रखर दिवे आणि वाळूवरच्या गाड्या कटाक्षाने टाळाव्यात.

वृक्षारोपणाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. किनाऱ्यावर झाड म्हटले की आपल्याला सुरू आठवतो. तो झपाट्याने वाढतो, वारा अडवतो, जळणाला उपयोगी पडतो, हे मान्य. पण तो कोकणचा मूळ रहिवासी नाही आणि त्याच्या सुयांसारख्या पाचोळ्याच्या थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. गाडीतून नाशिकच्या रोपवाटिकेतली गुलमोहराची रोपे नेणे तर निव्वळ हौस. त्याच गावातल्या उंडी-करंजाचे बी रुजवून केलेली रोपे आणि पावसाच्या तोंडावर वाळूत दाबलेले मर्यादवेलीचे तुकडे जगण्याची शक्यता कितीतरी जास्त, शिवाय चैत्र-वैशाखात पाणी घालायला गावातलेच माणूस हवे आणि त्याला मोबदला दिला गेला पाहिजे. खाडीलगत तर अधिकच जपायला हवे. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळे बुटांखाली मोडतात आणि ज्या मोकळ्या चिखलावर पक्षी चरतात, तिथे उत्साहाने कांदळवन लावणे म्हणजे त्यांची भाकरी काढून घेणे. राज्य सरकारचा कांदळवन कक्ष 2012 पासून कार्यरत आहे. आधी त्याला विचारावे.

जाता जाता एक गोष्ट. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, दमणगंगाही आपल्याच जिल्ह्यातून निघते आणि दोन्ही अरबी समुद्राला मिळतात. वाटेत धरणे असल्यामुळे इथला सगळा कचरा किनाऱ्यावर पोहोचतो, असे म्हणता येणार नाही. तरी पावसाळ्यात धबधब्यांपाशी बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटे टाकून येणाऱ्यांना हा भूगोल ठाऊक असावा.

शेवटचा मुद्दा पोत्यांचाच. छायाचित्र निघते, गाडी परत फिरते आणि भरलेली पोती किनाऱ्यावरच राहतात. लहान ग्रामपंचायतीकडे ती उचलायला वाहन नसते. कुत्री पोती फाडतात आणि मोठ्या भरतीला अर्धा ऐवज पुन्हा पाण्यात जातो. भंगारात जाणाऱ्या बाटल्या त्याच गाडीने नाशिकला आणणे आणि उरलेल्या कचऱ्याची व्यवस्था पंचायतीशी आधीच बोलून ठरवणे, एवढे कोणत्याही गटाला जमण्यासारखे आहे. आपल्या बातमीदारांनाही विनंती आहे की, अशा मोहिमेची बातमी देताना पोत्यांच्या संख्येबरोबर ती पोती पुढे कुठे गेली आणि हा गट याच किनाऱ्यावर यापूर्वी कधी आला होता, हे दोन प्रश्न आयोजकांना अवश्य विचारावेत व त्यांची उत्तरे छापावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक