प्रौढ स्नायुरुग्णांच्या व्यायामाचं काय? ठाण्याच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू वर्षागणिक झिजवणारा हा आनुवंशिक आजार. वर्तकनगरला राहतो, नोकरी करतो. खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटावे लागतात. रिक्षात आधी बसायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा.

गेलेला स्नायू परत आणणारं औषध माझ्यासाठी आज नाही. हाताशी आहे तो व्यायाम. पण तो शिकवणार कोण? एका जिममधल्या ट्रेनरने "दुखतंय म्हणजे वाढतंय" म्हणत बैठका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. स्नायू तुटून त्यातली प्रथिनं रक्तात उतरली की असं होतं, आणि ते मूत्रपिंडावर बेतू शकतं. त्यानंतर एका डॉक्टरांनी सांगितलं, आता काहीच करू नका. पण नुसतं बसून राहिलं की आजाराने न नेलेली ताकदही जाते, पोटऱ्या आखडतात, वजन वाढतं आणि ते पेलायचं याच मांड्यांनी.

या दोन टोकांमध्ये बरंच काही करता येतं. बोलताना धाप लागणार नाही इतपत हलकी सायकल, पोटऱ्यांना रोज ताण, स्नायू पुरता थकण्याआधी थांबणं, दुसऱ्या दिवशीही दुखलं तर पुढच्या वेळी कमी करणं. मात्र प्रत्येकाचं माप वेगळं. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत, म्हणजे आवळलेला स्नायू लवकर सैल न होणाऱ्या आजारात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून आधी ईसीजी-इको हवा. मायस्थेनियाच्या, म्हणजे वापरताना स्नायू लवकर थकणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला औषधाचा अंमल असेल ती वेळ गाठावी लागते. शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजारात पाऊल लटकतं, तिथे आधी तोल सांभाळायचा. हातात झेरॉक्स देऊन हे होत नाही. आजार पुढे सरकेल तसं माप बदलणारं, ओळखीचं माणूस लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्याचं कलम २७ आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत पुनर्वसनाची जबाबदारी स्थानिक संस्थांवरही टाकतं. पुनर्वसन म्हटलं की मुलं आठवतात, आणि त्यांना ते मिळायलाच हवं. पण तिशी-चाळिशीत आजार कळलेले, घर चालवणारेही आमच्यात आहेत.

म्हणून विनंती: कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात प्रौढ स्नायुरुग्णांसाठी आठवड्यातून एकदा व्यायाम ओपीडी ठेवा. नेमून दिलेला फिजिओथेरपिस्ट, न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला, ठरावीक महिन्यांनी ताकदीची आणि श्वासाची तपासणी. सामान फार नाही: सायकल, पॅरलल बार (धरून चालायचे दोन समांतर दांडे), उंच खुर्च्या. पुढे एखाद्या तरणतलावात शिडीसोबत कठड्याचा उतार झाला तर आणखी बरं. पाण्यात अंगाचा भार हलका होतो आणि जमिनीवर न उचलणारा पाय उचलतो.

आणि ही ओपीडी कृपया संध्याकाळी ठेवा. सकाळची असली तर आमची दर वेळी रजा जाते.

कळावे,
आपला,
वर्तकनगरचा एक स्नायुरुग्ण