तुझ्या एका ओळीचे उत्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. बाकीच्या मजकुराला उत्तर देणे सोपे होते, पण शेवटी तू जी एक ओळ लिहिली आहेस, "तुला विनोद कळत नाही", तिच्यापाशी मी अडून बसलो आहे. प्रसंग तुला आठवत असेलच. मी माझा निबंध वाचून दाखवला, लोकांनी तो सोशिकपणे ऐकून घेतला, आणि तू उठून म्हणालास, "याच्या वाक्यांना पूर्णविराम पुरत नाहीत, मध्यंतर हवे." सगळे हसले. मी त्याला टवाळी म्हणालो, तू विनोद म्हणालास, आणि शब्दांची नीट चौकशी न करताच आपण भांडत राहिलो. ती चौकशी आता करतो आहे. वाक्य चांगले होते हे आधीच मान्य करून टाकतो. मला त्याचे हसू तिसऱ्या दिवशी, दाढी करताना आले.

विनोद हा शब्द मुळात हसण्याचा नव्हेच. 'नुद्' म्हणजे ढकलणे. त्या धातूला 'वि' लागून तो तयार झाला. मनावरचा शीण, कंटाळा, दुःख जे दूर लोटते ते विनोद. 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्' असे हितोपदेश म्हणतो, तेव्हा शहाणी माणसे एकमेकांना चुटके सांगत बसतात असे त्याला सुचवायचे नसते. काव्यात आणि शास्त्रात रमून त्यांचा वेळ जातो, एवढेच त्याचे म्हणणे आहे. मनोविनोद या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. इंग्रजीतल्या ह्यूमरची कुळकथा याहून चमत्कारिक आहे. लॅटिनमध्ये तो ओलाव्याचा, द्रवाचा शब्द. ग्रीक वैद्यकाने रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव मानले, त्यांच्या प्रमाणावरून माणसाचा स्वभाव ठरवला, आणि पुढे ज्याचा स्वभाव एकाच बाजूला कलला आहे अशा माणसाच्या खोडीलाही तेच नाव मिळाले. १५९८ साली रंगभूमीवर आलेल्या बेन जॉन्सनच्या एका नाटकाच्या शीर्षकात हा शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ विनोद नसून माणसाची लहर किंवा खोड असा आहे. विक्षिप्त माणसाचे लोकांना हसू येते, म्हणून शब्दही सावकाश हसण्याकडे सरकला. आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपलेही पित्त खवळतेच, आणि हास्याला आपणही रसच म्हणत आलो आहोत.

आता हास्य आणि विनोद. या दोहोंची आपण नेहमी गल्लत करतो, पण हास्य चेहऱ्यावर घडते आणि विनोद समजुतीत घडतो. गुदगुल्या केल्या की माणूस हसतो, तिथे विनोद नसतो. उलट एखाद्या अस्सल विनोदावर ओठही हलत नाहीत, नुसते आत काहीतरी सैल होते. भरताने नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येते आणि हात कुशीवर जातो. (या हिशेबाने आपण दोघेही आयुष्यभर अधमच राहिलो.) पण मला खिळवून ठेवले ते उपहसिताने. त्यात नाकपुड्या फुलतात, नजर वाकडी होते, मान आणि खांदे झुकतात. तिथे ती हसण्याची केवळ एक तऱ्हा आहे, तरी आज आपण ज्याला उपहास म्हणतो त्याची चाहूल त्या वाकड्या नजरेत मला लागते.

बाकीच्या भावकीचा निवाडा लवकर करता येईल. कोटी शब्दावर जगते, म्हणून दुसऱ्या भाषेत नेली की मरते. उपरोध म्हणतो एक आणि सुचवतो त्याच्या उलट. तासभर उशिरा आलेल्याला "अगदी वेळेवर आलात" म्हणणे हा उपरोध, आणि तो कळायला ऐकणाऱ्यालाही थोडी बुद्धी लागते. उपहासाला तेवढीही लागत नाही. तुच्छता असली की भागते. विडंबनाला मात्र मूळ रचना मनापासून पाठ असावी लागते, त्यामुळे चांगल्या विडंबनात प्रेमाचा अंश असतोच असे माझे मत आहे. पाचकळपणाबद्दल काही लिहीत नाही.

खरी मौज क्रियापदांत आहे. मराठीत टर उडवतात, खिल्लीही उडवतात, फिरकी घेतात, टोमणा आणि कोपरखळी मारतात, चिमटा काढतात. म्हणजे या साऱ्या कुटुंबात कोणाच्या तरी अंगाला हात लागतोच. विनोद मात्र नुसता करतात. आणि षष्ठी लावून पाहा. 'त्याची थट्टा', 'त्याची टिंगल', 'त्याचा उपहास' म्हटले की 'तो' हा सोसणारा असतो. 'त्याचा विनोद' म्हटले की 'तो' करणारा होतो. विनोदाला सोसणारा द्यायचाच असेल, तर 'त्याच्यावर विनोद केला' असे वेगळे शब्दयोगी अव्यय जोडावे लागते, जणू तो मूळ शब्दात गृहीत धरलेलाच नाही. हा नियम पक्का नाही, हे मला ठाऊक आहे. 'त्याचा टोमणा' म्हटले की टोमणा मारणाराच समोर येतो, आणि टोमण्याला कोणी निरुपद्रवी म्हणणार नाही. तरीही थट्टेला गिऱ्हाईक लागते आणि विनोदाला ते असलेच पाहिजे असे नाही, हा भेद आपल्या भाषेने व्याकरणात जपून ठेवला आहे असे मला वाटते.

माझ्या वडिलांना उतारवयात कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा आम्ही भावंडे मुद्दाम हळू आवाजात काहीतरी विचारायचो आणि त्यांच्या भलत्याच उत्तरांवर फिदीफिदी हसायचो. ती टिंगल होती. आज तिला दुसरे नाव देण्याची माझी तयारी नाही. एकदा त्यांनी कानातले यंत्र काढले, रुमालाने सावकाश पुसले, डबीत ठेवले आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "हे बिघडल्यापासून लोकांचे निम्मे खोटे ऐकावे लागत नाही." आम्ही त्यावरही हसलो, पण ते हसू निराळे होते. बहिरेपण तेच, माणूस तोच. पण या वेळी तो हसण्याचा विषयही होता आणि हसवणाराही होता, आणि आम्ही त्या निम्म्या खोट्यात मोजले गेलो होतो.

पिरांदेल्लो या इटालियन नाटककाराने १९०८ साली विनोदावर एक प्रबंध लिहिला, त्यातले उदाहरण इथे नेमके बसते. केस रंगवलेली, तोंडाला रंगरंगोटी केलेली, तरुणीसारखे कपडे घातलेली एक म्हातारी दिसते. वयाशी हे विसंगत आहे हे जाणवते आणि आपण हसतो. इथवर ते नुसते हास्यास्पद. पण आपल्याहून तरुण नवऱ्याचे प्रेम टिकावे म्हणून ती हा सगळा खटाटोप करत असेल, असे मनात आले की हसू पुरते विरत नाही आणि पहिल्यासारखे उरतही नाही. विसंगती आधी नुसती दिसली होती, आता ती लागते. त्याच्या लेखी खरा विनोद इथून सुरू होतो. आम्ही भावंडे पहिल्या पायरीवर खिदळत होतो. वडिलांनी एका वाक्यात आम्हाला दुसरीवर आणून उभे केले.

आता तुझी बाजू. "गंमत केली, मनावर घेऊ नकोस" हे तुझे आवडते वाक्य फार जुने आहे. शाकुंतलात दुष्यंत विदूषकाला म्हणतो, 'परिहासविजल्पितं सखे परमार्थेन न गृह्यतां वचः': मित्रा, थट्टेत बोललो, ते खरे धरू नकोस. गंमत अशी की शकुंतलेवरचे प्रेम खरे होते आणि ही सारवासारवच खोटी होती. बिचाऱ्या विदूषकाने ती खरी मानली, आणि पुढे राजा पश्चात्तापाने होरपळू लागला तेव्हा शकुंतलेची आठवण आधी का करून दिली नाहीस याचे उत्तर देताना त्याने हेच सांगितले. नाटकभर हसवण्याचे काम ज्याच्याकडे, त्यालाच थट्टा कुठे संपते हे कळले नाही. तेव्हा मला कळले नाही, यात माझी फारशी नामुष्की नाही.

एवढ्या चौकशीनंतर तुझ्या वाक्याला मी टवाळी म्हणणार नाही; त्यात तुच्छता नव्हती. विनोद म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक मी होतो आणि तू गल्ल्यावर बसला होतास. ती थट्टा होती, चांगल्या घडणीची, आणि मित्राने मित्राची केलेली. हे तुला मान्य नसेल तर सविस्तर लिही. माझे हे पत्र तू एका बैठकीत वाचू शकला नसशील, याची मला कल्पना आहे. मध्यंतर कुठे ठेवावे हे मी दोनदा शोधले, पण प्रत्येक ठिकाणी वाक्य चालूच होते.

तुझा,
दीर्घवाक्यी मित्र