शुभे, तूच सांग, लेख देऊ की मागे घेऊ

प्रिय शुभे,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तुझ्या एवढ्या लांब मेसेजला नुसता अंगठा दाखवून मी गप्प बसले, माहितेय मला. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, आईची शुगर कंट्रोलमध्ये. झालं.

दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियाला पोचलेल्या डच दर्यावर्दींवर लेख लिहितेय म्हणाले होते ना, तो दिला. परवा संपादकांचा फोन आला, म्हणाले झकास झालाय, तो 1616 चा डर्क हार्टोग, बेटावर खांब रोवून कथलाची ताटली ठोकून जातो, मग 1697 मध्ये फ्लामिंग येऊन ती काढून नेतो आणि स्वतःची लावतो, लोकांना हे फार आवडेल. (तू पाठवलेल्या फोटोखाली ‘हार्टोगची ताटली’ लिहिलंयस, ती फ्लामिंगची आहे बाई. हार्टोगची अ‍ॅमस्टरडॅमला. इतकी वर्षं पर्थमध्ये राहून हे!) फक्त मधलं ‘ते प्रकरण’ तेवढं काढू या म्हणाले, लोक फराळ खाता खाता वाचतात.

ते प्रकरण म्हणजे कार्स्टेन्स, हाही डच दर्यावर्दीच. जानेवारी 1623 मध्ये अंबोनहून (आताच्या इंडोनेशियातलं बेट) ‘पेरा’ आणि ‘आर्नहेम’ अशी दोन जहाजं घेऊन निघाला. आर्नहेमचा कप्तान आणि त्याची काही माणसं वाटेत न्यू गिनीच्या किनाऱ्यावर मारली गेली, तरी हे पुढे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्याला पोचले. त्याचं जर्नल शिल्लक आहे, 1899 चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. एप्रिलमध्ये किनाऱ्यावर काही माणसं दिसतात, हे लोक त्यांना लोखंडाचे तुकडे आणि मण्यांच्या माळा दाखवतात, ती बिचारी जवळ येतात, की एकाला कमरेला मिठी मारून धरतात, गळ्यात फास टाकतात आणि ओढत होडीपर्यंत नेतात. दुसऱ्या दिवशी लाकडं तोडायला किनाऱ्यावर गेले तर दोनशेहून जास्त लोक चालून आले. गोळ्या झाडल्या, त्यातला एक पडला. पुढे तर ठरावच केला की किनाऱ्यावरून एक माणूस पकडून आणला की होडीवाल्यांना दहा रियाल, म्हणजे चांदीची नाणी, बक्षीस. आणि हे सगळं कसं लिहिलंय म्हणशील तर वाण्याने उधारी मांडावी तसं.

मला झोप येईना ती क्रौर्यामुळे नाही गं, क्रौर्य आपण कमी वाचलंय का. त्याच आठवड्यात हे लोक एका नदीकाठी झाडाला लाकडी फळी ठोकतात, 24 एप्रिल 1623, इथे दोन जहाजं आली, अमुक महामहिम स्टेट्स जनरलच्या (म्हणजे डच संसदेच्या) वतीने. नदीलाही स्टेट्सचंच नाव. अख्ख्या आखाताला गव्हर्नर जनरल कार्पेंटियरचं. जहाजाचं नाव आर्नहेम लँडला, ते अजून नकाशावर आहे. आणि ज्याच्या गळ्यात फास घातला त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. संपादक नेमकं हेच म्हणतात, ‘मॅडम, गोष्टीला माणूस लागतो, याला तर नावही नाही.’ मला फोनवर उत्तर सुचेना, चिडून मी कुकर लावायला गेले.

आता हस, कारण तू हसणारच आहेस. एस. वाय.ला पानिपतच्या बखरीवरून आपलं जे वाजलं होतं ते आठव. तू बाकावर हात आपटून म्हणालीस, कागद नाही तर इतिहास नाही. मी म्हणाले, कागद लिहितो कोण ते आधी बघ. मग आठवडाभर अबोला, आणि वेंगुर्ल्याच्या ट्रिपला याच दर्यावर्दींच्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीत तू पाय मुरगळून घेतलास म्हणून बोलावं लागलं, नाहीतर आजही बोलत नसतो.

तर ऐक. 1606 मध्ये यान्सझोन या डच कप्तानाचं ‘डायफकेन’ जहाज कार्स्टेन्सच्या त्याच किनाऱ्यावर आलं होतं, आणि ज्याला त्यांनी केरवेर नाव दिलं त्या टोकापासून परत फिरलं. मूळ जर्नल हरवलं, एका नकाशाची नक्कल तेवढी व्हिएन्नाच्या ग्रंथालयात उरली. म्हणजे तुझ्या नियमाने तिथे काही घडलंच नाही. पण तिथल्या विक या आदिवासी लोकांकडे त्याची गोष्ट आहे, आज्या-आजोबांकडून आलेली. परके आले, विहीर खणली, बायकांना हात लावला, मग मारामारी झाली, दोन्हीकडची माणसं मेली. त्यात पीठ, साबण आणि तंबाखू पण आहेत, म्हणजे मागाहूनचं बरंच मिसळलंय, तू लगेच तिथेच बोट ठेवशील. ठेव. पण 1623 चा कार्स्टेन्स स्वतः लिहितो की हे लोक बंदुका ओळखतात असं दिसतं, 1606 मध्ये डायफकेनची माणसं इथे उतरली तेव्हा या लोकांनी बंदुकांचा परिणाम भोगलेला असणार. बायकांचं त्यात नाही, मान्य, पण गोळ्या झाडल्याचं तर त्यांच्याच माणसाने लिहून ठेवलंय की! बोल आता.

हा परिच्छेदही संपादकांना नकोय. त्याऐवजी 2000 सालचं घाला म्हणतात, डायफकेनची प्रतिकृती त्याच किनाऱ्यावरच्या पेनफादर नदीशी गेली तेव्हा खलाशांनी उतरण्याआधी तिथल्या लोकांची परवानगी मागितली, म्हणजे शेवट गोड. प्रसंग खरा आहे आणि छानच आहे, मीही घातला असता. पण आधीचं सगळं कापलं तर परवानगी मागायची वेळ का आली ते वाचणाऱ्याला कळणार कसं?

पुढच्या आठवड्यात फायनल प्रूफ जाणार. मानधन फार नाही, पण अंक चांगला, आणि नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी विचारणार नाहीत, हेही डोक्यात येतंच, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणतो, छापून घे, उरलेलं फेसबुकवर टाक. म्हणजे ताटली दिवाळी अंकात आणि फास फेसबुकवर! नको वाटतं गं. माझा कल लेख मागे घेण्याकडे आहे, पण आपला लेख कापला की मला लगेच अपमान वाटतो हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तुला विचारतेय. हे तत्त्व आहे की माझा नाकाचा शेंडा?

तुझं काय? नवीन घराची चावी मिळाली का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? अनूला सांग, मावशीने चकलीचा सोऱ्या कुरियर केलाय, कस्टमवाल्यांनी अडवला तर तू जाऊन भांड.

उत्तर लवकर दे. फोन केलास तरी चालेल, पण तू तिकडे अडीच तास पुढे असतेस, मागच्या वेळेसारखं पहाटे उठवू नकोस.

तुझी,
रेवा

ता. क. ताटलीच्या फोटोखालचं नाव दुरुस्त करून परत पाठव, प्रूफला लागेल. म्हणजे, लेख दिला तर.