हिमोग्लोबिन म्हणजे लोह नव्हे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्यविषयक पानावर ‘जगातील निम्मी बालके कुपोषित’ या मथळ्याची बातमी होती. सोबत बरगड्या मोजता येतील अशा एका मुलाचे छायाचित्र. बातमीतला आकडा खरा आहे, मथळा अर्धा चुकला आहे आणि छायाचित्र पूर्ण चुकले आहे. नोकरीची सगळी वर्षे मी प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी पोषण सर्वेक्षणांचे नमुने गोळा करण्यात आणि तपासण्यात. त्यामुळे गप्प बसवेना.

हा आकडा 2022 मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातला आहे. 6 ते 59 महिन्यांच्या मुलांपैकी 56 टक्के, म्हणजे सुमारे 37 कोटी मुलांमध्ये, आणि 15 ते 49 वर्षांच्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांपैकी 69 टक्के, म्हणजे सुमारे 120 कोटी जणींमध्ये, तपासलेल्या सूक्ष्मपोषक घटकांपैकी किमान एकाची कमतरता असावी असा तो अंदाज. ‘किमान एक’ हे शब्द बातमीतून गळले. मुलांसाठी लोह, जस्त आणि अ जीवनसत्त्व एवढेच धरले होते. स्त्रियांसाठी लोह, जस्त आणि फोलेट (हे एक ब जीवनसत्त्व). आयोडीन, ब-12, ड जीवनसत्त्व हिशेबातच नाहीत. शिवाय जगभरातल्या मुलांचे रक्त कुणी तपासलेले नाही. 22 देशांतल्या 24 सर्वेक्षणांवरून बाकीच्या जगाचा अंदाज बांधला आहे. म्हणूनच मूळ लेखात मुलांसाठी 48 ते 64 टक्के आणि स्त्रियांसाठी 59 ते 78 टक्के अशा मर्यादा दिल्या आहेत. त्या छापल्या असत्या तर बातमी एका ओळीने वाढली असती.

अशी कमतरता असलेले मूल बहुतेक वेळा चांगले गुटगुटीत दिसते. वजनकाट्यावर ठीक, उंचीला ठीक, खेळायलाही पुढे. रातांधळेपणा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसू लागतात तोवर अ जीवनसत्त्व कधीचेच खाली गेलेले असते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तर रक्त काढावे लागते. आणि रक्तातही ते सरळ दिसत नाही, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सगळ्यात जास्त गोंधळ रक्तक्षयाचा, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी असण्याचा. बातमीत एका ठिकाणी ‘रक्तक्षय म्हणजेच लोहाची कमतरता’ असे सरळ लिहिले आहे. हिमोग्लोबिन कमी होण्यामागे लोह असू शकते, तसेच हिवताप, आतड्यातले जंत, फोलेट किंवा ब-12 ची कमतरता, थॅलेसेमिया, सिकलसेल, जास्तीचा रक्तस्राव हेही असू शकते. उलट लोहाचा साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस टिकून राहते. हिमोग्लोबिन म्हणजे घरखर्चाला काढलेले पैसे आणि फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, ही पासबुकातली शिल्लक. खर्च चालू दिसतो म्हणून शिल्लक आहे असे समजणारा माणूस महिनाअखेरीस फसतो. फार वर्षे ‘जगातल्या 200 कोटी लोकांमध्ये सूक्ष्मपोषक घटकांची कमतरता’ असा आकडा सर्वत्र फिरत होता, तोही मुख्यतः रक्तक्षयाच्या जुन्या आकडेवारीवर उभा होता.

बरे, हिमोग्लोबिन तरी नीट मोजले जाते का? बोटाला सुई टोचायची, थेंब यंत्रात घालायचा, आकडा वाचायचा. सोपे वाटते. पण मूल रडत असते, हात ओढत असते, थेंब येत नाही म्हणून नवखा माणूस बोट पिळतो. पिळले की रक्ताबरोबर पेशींच्या मधल्या जागेतले पाणी येते आणि थेंब पातळ होतो. कितीतरी मुले अशी नुसत्या पिळण्याने कागदावर रक्तक्षयी होतात. मीही सुरुवातीला पिळले आहे, खोटे कशाला बोलू! म्हणून आता शक्य तिथे शिरेतून रक्त घ्यावे आणि स्वयंचलित यंत्रावर तपासावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उंच प्रदेशात राहणाऱ्यांचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, धूम्रपान करणाऱ्यांचेही. त्याची वजावट वेगळी करावी लागते. आणि सीमारेषा? 2024 मध्ये संघटनेने 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी ती 11 ग्रॅमवरून 10.5 ग्रॅमवर आणली (दर 100 मिलिलिटरला). म्हणजे 10.7 असलेले बाळ आदल्या वर्षी रक्तक्षयी होते आणि त्या वर्षी नाही. रक्त तेच. दोन वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘प्रमाण घटले’ असे छापण्यापूर्वी हे विचारायला हवे.

आता फेरिटिनकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. निरोगी अवस्थेत पाच वर्षांखालील मुलात ते लिटरला 12 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आणि स्त्रीमध्ये 15 पेक्षा कमी असेल तर लोहाचा साठा संपला असे धरतात. पण फेरिटिन तापात वाढते. मुलाला सर्दी, जुलाब, कानाचा संसर्ग काहीही झाले की शरीर लोह दडवून ठेवते, फेरिटिन चढते आणि रिकामे कोठार भरलेले दिसते. त्याच वेळी रक्तातले रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे माप, खाली उतरते, आणि जस्तही. एकच ताप लोहाची कमतरता लपवतो आणि अ जीवनसत्त्वाची व जस्ताची कमतरता फुगवून दाखवतो. त्या वयाची मुले वर्षातले किती दिवस शेंबडी असतात ते आयांना विचारा.

म्हणून त्याच नमुन्यात आणखी दोन प्रथिने मोजतात. सीआरपी झटकन वाढते आणि झटकन उतरते. एजीपी उशिरा वाढते पण आजार बरा झाल्यावरही रेंगाळते. सीआरपी लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर किंवा एजीपी 1 ग्रॅमच्या वर असेल तर शरीरात दाह आहे, म्हणजे शरीर संसर्गाशी किंवा आजाराशी झुंजते आहे, असे समजायचे. पुढे काय करायचे यावर मात्र आमच्या क्षेत्रात बरीच वर्षे वाद झाले. आजारी मुलांना हिशेबातून वगळा, असे काहींचे म्हणणे. पण जिथे निम्मी मुले आजारी तिथे ती वगळली की उरतात ती बऱ्या घरची, बऱ्या तब्येतीची. ज्यांच्यासाठी सर्वेक्षण केले तीच बाहेर. दुसरा मार्ग फेरिटिनची सीमारेषा वर नेण्याचा: दाह असताना मुलांसाठी 30 आणि मोठ्यांसाठी 70. तिसरा मार्ग गणिताचा. दाह जितका, तितकी दुरुस्ती, प्रत्येकाच्या आकड्यात. ब्रिंडा या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने अनेक देशांची सर्वेक्षणे एकत्र करून ही पद्धत बसवली, आणि मला स्वतःला तीच पटते. या तिन्हींपैकी कोणती वापरली त्यावरून एकाच नळीतल्या रक्ताचे तीन वेगळे टक्के निघतात. आपल्या बातमीदाराला दोष देत नाही. बहुतेक अहवालांतही ही माहिती मागच्या पानांत दडलेली असते.

जस्ताची कथा वेगळीच. रक्तात ते इतके थोडे असते की नळीच्या रबरी बुचातून, हातमोज्यावरच्या पावडरीतून, खोलीतल्या धुळीतूनही नमुन्यात शिरते. तांबड्या पेशी फुटल्या, म्हणजे आमच्या भाषेत नमुना ‘हिमोलाइझ’ झाला, तरी आकडा वाढतो. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या आणि दुपारी घेतलेल्या रक्ताच्या सीमारेषाही निराळ्या असतात. उकाड्यात दुपारी तीनला नोंदवहीत घड्याळाची वेळ लिहायला विसरलेला कार्यकर्ता एवढ्या मोठ्या सर्वेक्षणाचा किती घोळ करू शकतो, हे मी पाहिले आहे.

आयोडीन लघवीत मोजतात आणि ते फक्त समूहासाठी. शाळकरी मुलांचा मध्यांक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) लिटरला 100 ते 199 मायक्रोग्रॅम असेल तर ठीक, गरोदर स्त्रियांचा 150 ते 249. एकाच माणसाचा आकडा सकाळ-संध्याकाळ इतका बदलतो की त्यावरून त्याच्याबद्दल काही बोलू नये. तरीही ‘इतक्या टक्के मुलांमध्ये आयोडीन कमी’ असे मथळे येतातच. फोलेटचे मात्र मला कौतुक आहे. तांबड्या पेशींतले फोलेट मोजण्याची सर्वांत भरवशाची पद्धत आजही जिवाणूंची आहे: फोलेटवर जगणारे जिवाणू नमुन्यात वाढवायचे आणि ते किती वाढले ते बघायचे. गर्भाच्या मज्जारज्जूतले दोष टाळण्यासाठी स्त्रियांच्या समूहात ही पातळी लिटरला 906 नॅनोमोलच्या वर असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले. इथेही शब्द समूहाचा आहे, एकीचा नाही.

हे मुलांच्या आयांना सांगणे सर्वांत अवघड जाई. मुलाचे रक्त दिल्यावर प्रत्येक आईचा पहिला प्रश्न असे, ‘माझ्या बाळाचं काय निघालं?’ हिमोग्लोबिन तिथल्या तिथे सांगता येई, आणि फार कमी असले तर दवाखान्याची चिठ्ठीही देता येई. बाकीच्या नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फात ठेवून दूरच्या प्रयोगशाळेत जात, आणि निकाल यायला कित्येक महिने लागत. तो निकालही तिच्या बाळाबद्दल फारसे बोलणारा नसे. यकृत रक्तातले रेटिनॉल शेवटपर्यंत सांभाळून धरते, साठा पार आटला तरच ते उतरते. एका मुलाच्या आकड्यावरून त्याचे निदान होत नाही. हे मी आयांना सांगत असे. काहींना पटे, काही जणी ‘मग रक्त कशाला घेतलं?’ असे विचारून निघून जात. त्यांचा राग मला कधी चुकीचा वाटला नाही.

माझी मागणी छोटी आहे. अशी बातमी छापताना आकड्याच्या शेजारी एवढे असावे: नेमका कोणता घटक मोजला, कोणत्या वयाच्या आणि किती जणांमध्ये, रक्त शिरेतून घेतले की बोटातून, आणि दाहाची दुरुस्ती केली की नाही. अहवालात ही माहिती नसेल तर ‘नाही’ असे लिहा, तीही बातमीच आहे. हे सगळे पाहिल्यावर आकडा फुगवलेला आहे असा निष्कर्ष कृपया कुणी काढू नये. लोहाच्या बाबतीत तो खऱ्या प्रमाणापेक्षा कमीही असू शकतो, ते वर सांगितलेच.

आणि पुढच्या वेळी छायाचित्र हवे असेल तर शीतपेटीतल्या नळ्यांचे टाका, किंवा एखाद्या हसऱ्या, गुबगुबीत बाळाचे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ