ताई, माझे ३८ फोटो परत पाठवलेत त्याबद्दल

प्रिय ताई,

परवा पुस्तकाच्या कॉपीज आल्या आणि मी सगळ्यात आधी काय केलं माहितीये, कव्हर बघितलं नाही, स्वतःचं नाव शोधलं नाही, सरळ ४६-४७ ची पानं उघडली आणि पुस्तक पार सपाट होईपर्यंत दाबून बघितलं, जिना घडीत जातोय का ते. नाही गेला. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं, आणि फोनवर नकोच कारण फोनवर तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी एवढंच, की ताई पुस्तकांची मांडणी करतात आणि मी इमारतींचे फोटो काढतो. आतापर्यंत आर्किटेक्ट लोकांच्या वेबसाइटसाठी काढायचो, कधीतरी मासिकात एखाद दुसरा यायचा, पुस्तक हे पहिलंच. १२ इमारती, सगळ्या अलीकडच्या. पहिली लायब्ररी होती, तिचे ३८ फोटो मी मोठ्या थाटात पाठवले आणि तुमचं उत्तर आलं, "सगळी कव्हरंच आहेत. आत कसं शिरायचं?"

खरं सांगतो, राग आला होता. दोन दिवस उत्तर नाही दिलं. मग परत सगळे फोटो ओळीने लावून बघितले तर काय, प्रत्येक फोटो १७ मिमीच्या एकदम वाइड लेन्सवर, कोपऱ्यातून, संध्याकाळचं निळं आकाश, आत पिवळे दिवे, आणि ३८ पैकी एकातही दरवाजा धड दिसत नव्हता! नंतर तुम्ही मला प्लॅनसमोर बसवलंत आणि बोट ठेवून चालायला लावलंत, इथून माणूस येतो, इथे छत खाली येतं, इथे वळल्यावर एकदम मोठा हॉल उघडतो, मग यातला फोटो कुठाय? वाचणारा या इमारतीत कधी जाणार नाहीये, तो पानांवरूनच फिरणार आहे, हे तुमचं वाक्य मी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या झाकणावर आतून लिहून ठेवलंय. आता शूटच्या आधी प्लॅनवर बाण काढतो, आणि पुढे बघून फोटो झाला की तिथेच उभं राहून मागे वळून पण एक काढतो, कारण पान उलटल्यावर आपण कुठे आहोत हे त्या मागच्या फोटोनेच कळतं.

जिन्याचं प्रकरण तर मी विसरूच शकत नाही. मधोमध जिना, दोन्हीकडे सारख्या भिंती, एकदम सिमेट्रिकल, मला वाटलं डबल पानाला याच्याइतकं भारी काही नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, साध्या कागदावर प्रिंट काढलीत, मधे दुमडलीत आणि माझ्या हातात दिलीत. रेलिंग गायब. बाइंडिंग दोन्ही बाजूंनी काही मिलिमीटर गिळतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि स्वतःच्या फोटोतला जिना गिळलेला बघणं यात फरक आहे राव. मग परत जाऊन शिफ्ट लेन्सवर काढला, कॅमेरा हलवायचा नाही, नुसती लेन्स डावीकडे उजवीकडे सरकवून तीन फ्रेम घ्यायच्या आणि जोडायच्या, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह तेच राहतं पण जिना डाव्या पानात बसतो आणि उजवीकडे भिंतीवरचं ऊन येतं. (जवळ खांब-बिंब असेल तर जोड चुकतो, माझा दोनदा चुकला.)

उंच टॉवरच्या वेळीही तेच. कॅमेरा वर केला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात, म्हणून मी सगळ्या उभ्या रेषा एकदम सरळ करून टाकायचो. तुम्हीच दाखवलंत की इतक्या उंच इमारतीला शंभर टक्के सरळ केलं की ती वर रुंद झाल्यासारखी वाटते, थोडा कल ठेवावा लागतो.

क्रॉपचं, म्हणजे फोटोच्या कडा कापण्याचं, भांडण आठवतंय ना? माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, आणि ए४ च्या डबल पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जवळपास ४९६१ बाय ३५०८ लागतात, म्हणजे कापायला जागा अशी फार नाहीच, तरी तुम्ही कापत होतात. मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही फोटोग्राफर ल्युसियाँ एर्वेची गोष्ट सांगितलीत, १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएच्या इमारतीचे त्याने एका दिवसात ६५० फोटो काढले, त्यावरून त्याला ल कॉर्ब्युझिएकडे कायमचं काम मिळालं, आणि हा माणूस स्वतःच्या प्रिंट्स सरळ कात्रीने कापायचा. त्यावर मी काय बोलणार.

आणि संध्याकाळचं वेड पण तुम्हीच कमी केलंत. स्क्रीनवर चमकणारा तो निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मलूल होतो, त्यात कोटिंग नसलेल्या कागदावर सावल्या भरून नुसत्या काळ्या होतात, हे प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघितल्यावर पटलं. तेव्हाच तुम्ही फोटोग्राफर ज्युलियस शुलमनचा १९६० चा तो फोटो माझ्यासमोर ठेवलात, आर्किटेक्ट पिएर कोनिगचं काचेचं घर, आत दोघी बसलेल्या आणि खाली शहराचे दिवे. दिव्यांसाठी शटर सातेक मिनिटं उघडं ठेवलेलं, मग आतल्या दोघींसाठी फ्लॅश. "यात घर किती कमी आहे बघ, तरी घर कळतं ना?" मी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला शूटला गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. उघड्या काँक्रीटवर ओतकामाच्या फळ्यांचे ठसे वरून पडणाऱ्या उन्हातच दिसतात, संध्याकाळी ती भिंत नुसती राखाडी असते.

अजून एक, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझा जुना करार फक्त आर्किटेक्टच्या वेबसाइटपुरता होता, पुस्तकात छापायचे हक्क माझ्याकडेच होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही कागद वाचलात, प्रकाशकाला माझी वेगळी परवानगी घ्यायला आणि वेगळे पैसे द्यायला लावलेत. तुमचं ते काम नव्हतंच.

तर ताई, मनापासून थँक्यू. फक्त ९१ नंबरच्या पानावर तुम्ही वरचं आकाश कापलंत ते मला अजूनही पटलेलं नाही, गच्चीची कड श्वास घेत नाही तिथे. दुसरी आवृत्ती निघाली तर भांडायला येणार आहे, कात्री लपवून ठेवा.

तुमचा,
फोटोवाला